सतरंजी कोणी उचलायची?

निवडणुकीची तिकिटे जाहीर झाली, की महाराष्ट्रात एक वाक्य हमखास कानावर येते. "आम्ही काय जन्मभर सतरंज्याच उचलायच्या?" पक्ष कोणताही असो, जिल्हा कोणताही असो, वाक्यात काडीचाही फरक पडत नाही. बोलणारा बहुधा पन्नाशीला टेकलेला असतो. तरुणपणी त्याने भिंती रंगवलेल्या असतात, रिक्षात बसून भोंग्यावरून सभेची वर्दी दिलेली असते, आणि सभा संपून पुढाऱ्यांच्या गाड्या धुरळा उडवीत निघून गेल्या की मागे राहून मैदान आवरलेले असते. आणि आता कालपरवा पक्षात आलेल्या कोणाच्या तरी गळ्यात उमेदवारीची माळ पडलेली असते.

या गृहस्थाने खरोखरीची सतरंजी उचलली, त्यालाही आता बरीच वर्षे लोटलेली असतात. सभांना हल्ली प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात आणि त्या मांडण्या-उचलण्याचे काम मंडपवाल्याची माणसे रोजंदारीवर करतात. तरीही तो 'आम्ही काय जन्मभर खुर्च्याच उचलायच्या' असे म्हणत नाही. म्हणून चालणारही नाही. खुर्ची उचलणे याचा राजकारणात भलताच अर्थ होईल, आणि त्या अर्थाने ती उचलायला तर तो एका पायावर तयार असतो!

घरातल्या बैठकीच्या आणि अंथरुणा-पांघरुणाच्या वस्तूंवरून माणसाची पायरी ठरवण्याची मराठीला जुनी सवय आहे. राजे गेले, राज्ये गेली, पण सातारची गादी आणि कोल्हापूरची गादी असे आपण अजूनही म्हणतो. मठाला गादी असते, पेढीला गादी असते, आणि वडिलांच्या पश्चात दुकानात कोण बसणार, हा प्रश्नही गादीचाच असतो. लोकशाही आली तशी खुर्ची आली. मंत्री खुर्चीला चिकटतो, त्याची खुर्ची डळमळते, एके दिवशी ती जाते. गाशा गुंडाळणारा म्हणजे बिऱ्हाड आवरून निघालेला. गाशा हे मूळचे घोड्याच्या खोगिरावर घालायचे कापड, हे आता कोणाच्या ध्यानीमनीही नसते. पदपथावर माल मांडून बसणारा तो पथारीवाला. आणि कोणाला त्याच्या ऐपतीची आठवण करून द्यायची झाली तर आपण त्याला अंथरूण पाहून पाय पसरायला सांगतो. या सगळ्या उतरंडीत सतरंजीची जागा पार तळाशी. तिच्यावर बसण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, हे मात्र ध्यानात घ्यायला हवे. मोठमोठे गवई, कीर्तनकार, पुढारी तिच्यावर बसले. कमीपणा आहे तो तिला उचलण्यात.

या शब्दाची कुळकथा मात्र अशी तळाची नाही. सतरंजी म्हणजे सात रंगांची, अशी आपल्यापैकी अनेकांची लहानपणापासूनची समजूत असते. शब्दातच 'रंग' लपलेला दिसतो, त्यामुळे ती समजूत पक्की होऊन बसते. घरातली सतरंजी पाहिली तर रंग दोन, फार तर तीन. पण व्युत्पत्तीच्या नादात ते मोजतो कोण? खरी हकीकत अशी. संस्कृतात 'चतुरंग' म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांचे सैन्य, आणि त्यावरून त्या सैन्याचा पटावरचा खेळ. हा खेळ इराणात गेला तेव्हा 'चतरंग' झाला. अरबीत 'च' नाही, म्हणून अरबांनी त्याचा 'शतरंज' केला, आणि त्याच रूपात शब्द पुन्हा हिंदुस्थानात परतला. शतरंजाच्या पटासारखी घरे-पट्टे विणलेले सुती अंथरूण, ती 'शतरंजी'. मराठी जिभेवर 'श'चा 'स' झाला. पुढे विणीतली घरे पुष्कळ ठिकाणी गेली आणि नुसते पट्टे राहिले, पण नाव टिकले.

खेळाला मात्र मराठीने शतरंज म्हटले नाही. 'बुद्धिबळ' हे आपले नाव धरून ठेवले. त्यामुळे शतरंज हा शब्द आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत झाला तो सत्यजित राय यांच्या १९७७ सालच्या 'शतरंज के खिलाडी' या चित्रपटामुळे. म्हणजे खेळ एका नावाने टेबलावर राहिला आणि त्याचा पट दुसऱ्या नावाने जमिनीवर आला. तसे पाहिले तर 'पट' या शब्दाचाही मूळ अर्थ वस्त्र असाच आहे. सोंगट्यांचा पट कापडाचाच असतो. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या बायका हातमागावर जो जमखाना विणतात, त्यावर सोंगट्यांच्या पटाची नक्षी असते. खेळाचा पट आणि बसायचे अंथरूण यांचे नाते तिथे अजून उघड्या डोळ्यांनी दिसते. पूर्वेकडे बांगलादेशात रंगपूरजवळच्या निसबेतगंजची शतरंजी प्रसिद्ध आहे. तिथे शब्दातला 'श'ही शाबूत आहे, आणि २०२१ साली त्या शतरंजीला भौगोलिक मानांकनही मिळाले. हिंदीभाषक मात्र या वस्तूला सरसकट 'दरी' म्हणतात. दिल्लीत पहिल्यांदाच गेलेल्या मराठी माणसाला कोणी 'दरी पर बैठिए' म्हटले की तो क्षणभर काठ शोधू लागतो.

राजदरबारात या अंथरुणांचा स्वतंत्र कारभार होता. अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'त बादशाही फर्राशखान्याचे एक प्रकरणच आहे. त्यात तंबू-कनातींची वर्णने आहेत, गालिच्यांचे कौतुक आहे, आणि शेवटी जाजमे, शतरंज्या आणि रेशमासारख्या विणीच्या चटया यांचे वर्णन करीत बसलो तर फार वेळ जाईल, असे म्हणून लेखक पुढे सरकतो. चारशे वर्षांपूर्वीदेखील सतरंजीच्या वाट्याला एवढेच कौतुक आले! पण त्याच प्रकरणात एक हिशेब आहे आणि तो महत्त्वाचा आहे. दहा हजारांहून अधिक माणसे मावतील असा मोठा दरबारी तंबू उभारायला यंत्रांच्या मदतीनेही हजार फर्राशांना आठवडा लागतो, असे अबुल फझल नोंदवतो. बसणाऱ्यांचा आकडा लिहिताना त्याने मांडणाऱ्यांचाही आकडा लिहून ठेवला.

फर्श म्हणजे अंथरलेली वस्तू, किंवा ती जिच्यावर अंथरायची ती जमीन. आपली घरातली फरशी ती हीच. फर्राश म्हणजे अंथरणारा. मराठ्यांच्या राज्यकारभारात जे अठरा कारखाने सांगितले जातात, त्यांत जामदारखाना, पीलखाना, मुदपाकखाना यांच्याबरोबर फरासखानाही आहे. पेशव्यांच्या फरासखान्याची आठवण पुण्याच्या बुधवार पेठेत अजून टिकून आहे, मात्र पोलीस ठाण्याच्या रूपाने. पुणेकराला 'तुला फरासखान्यात नेऊ का' असे विचारले तर त्याच्या डोळ्यांसमोर तंबू आणि बिछायती उभ्या राहत नाहीत. नावातली सतरंजी गेली, हवालदार तेवढा राहिला.

सांगायचा मुद्दा असा, की अंथरणे, झटकणे, घडी घालणे आणि मोजून परत कोठीत लावणे हे एकेकाळी एका खात्याचे काम होते. त्याला कारखानीस होता, हिशेब होता, पगार होता. पुढे सार्वजनिक सभा आल्या, उत्सव आले, पक्ष आले. तेव्हा हेच काम फुकट करणाऱ्या पोरांच्या गळ्यात पडले. त्या पोरांनीही ते हौसेने केले, कारण पहिल्या रांगेत बसून भाषण ऐकायला मिळत होते, आणि आपण कशाचा तरी भाग आहोत असे वाटत होते. काम तेच राहिले. त्याला मान द्यायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर गेले.

आता थोडे वस्तूविषयी. गालिच्यात गाठी मारून लव उभी केलेली असते, म्हणून त्याला सुलटी आणि उलटी बाजू असते. सतरंजीला अशी लव नसते. सुताचा ताणा घट्ट ताणून घ्यायचा, त्यातून रंगीत बाणा आडवा फिरवायचा आणि लोखंडी पंजाने तो इतका ठोकून बसवायचा, की ताणा पूर्ण झाकला जावा. रंग बदलला की पट्टा बदलला. विणकराला सगळ्यांत सोपी नक्षी पट्ट्यांची, म्हणून पट्टे. निळीत रंगवलेले सूत आणि कोरे सूत यांचे निळे-पांढरे पट्टे ही जुनी जोडी. लाल-काळे, हिरवे-पिवळे नंतरचे. दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे एक मळली की उलटून टाकता येते, हा गृहिणीच्या दृष्टीने केवढा फायदा! इंग्रजी अमदानीत एकोणिसाव्या शतकात तुरुंगांमधून कैद्यांकडून असली अंथरुणे आणि गालिचे विणून घेण्याची पद्धत रूढ झाली. आग्रा, लाहोर आणि आपल्याकडे येरवडा या तुरुंगांचे गालिचे तर साहेबांच्या बंगल्यांपर्यंत गेले. साध्या सतरंज्या बराकींमध्ये, कचेऱ्यांमध्ये गेल्या. ज्यांना चार भिंतींच्या बाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्यांनी बाहेरच्यांच्या बैठका विणल्या.

आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सतरंज्यांमधला बराच माल पानिपतचा असतो. पानिपत म्हटले की आपल्याला १७६१ शिवाय काही सुचत नाही. पण ते आज हातमाग-यंत्रमागाचे आणि जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून पुन्हा सूत काढण्याच्या धंद्याचे मोठे गाव आहे. ही सतरंजी वजनाला हलकी असते, दिसायला छानही असते, पण दोन धुण्यांत तिची काठाची शिवण उसवते. जुनी सतरंजी कशी होती हे ज्याने ती ओली असताना उचलली आहे त्यालाच विचारावे. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आधी नदीवर, विहिरीवर ती धुवायला नेत. सुकी असताना एका खांद्यावर येणारी सतरंजी भिजली की दोघांना आवरत नसे. दोन टोकांना दोघे उभे राहून तिला पीळ घालीत, आणि खडकावर ती वाळत पडली की सबंध दुपार मुलांना तिच्यावर पाय न देण्याची ताकीद मिळे.

घरात सतरंजी एकच काम करीत नसे. मुंबईच्या चाळीतल्या एका खोलीत दिवसा ती बैठक असे, रात्री अंथरूण, आणि परीक्षेच्या दिवसांत गॅलरीत अभ्यासाची जागा. मुलगा शिकायला शहरात निघाला की ट्रंकेबरोबर वळकटी असे, आणि वळकटीचे सगळ्यांत बाहेरचे वेष्टन म्हणजे सतरंजी. आत गादी, चादर, उशी, आईने घातलेला डबा. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात जागा न मिळाली तर तीच सोडून दरवाजापाशी पसरायची. जरा सुस्थितीतल्या लोकांकडे होल्डॉल आला, तरी त्याच्या पोटातही ती असेच. वय झाले की सतरंजी हळूहळू घरात मागे सरके. बाहेरच्या खोलीतून माजघरात, तिथून गादीखाली, मग मुलांच्या खेळण्याला. काठ विरले की गोधडीच्या पोटात एक थर तिचा. उरलेसुरले दारातले पायपुसणे. एका लग्नात आलेली सतरंजी पुढच्या पिढीच्या लग्नात पायपुसण्याच्या रूपाने हजर असे.

तिच्याशी लागणारी क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत. अचानक कोणी आले की "अगं, सतरंजी टाक" असे म्हणायचे. झोपायला ती अंथरायची. हळदीकुंकू, भजन, मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम असला की ती घालायची. 'बैठक घातली' यात थोडा मान आहे, थोडी तयारी आहे. घरात ती काढून ठेवायची, आणि सभेनंतर मात्र उचलायची. उचलणे हे क्रियापद आपण ओझ्याला वापरतो, कचऱ्याला वापरतो, उष्ट्या पत्रावळींना वापरतो. कार्यकर्त्याच्या त्या वाक्यातला सल थेट या क्रियापदात आहे. 'जन्मभर सतरंज्या घातल्या' असे तो म्हणाला असता तर ऐकणाऱ्याला ती तक्रार न वाटता सेवा वाटली असती.

सतरंजीवर सगळे सारखे, उंच नाही नीच नाही, असे तिच्याविषयी कौतुकाने म्हटले जाते. हे खरे आहे, पण अर्धे. एका सतरंजीवर बसलेले लोक सारखे असतात. प्रश्न असतो तो तिच्या काठाचा. जुन्या वाड्यात सोप्यावर लोड-तक्क्यांची बैठक मालकाची आणि त्याच्या बरोबरीच्यांची; तिच्यापुढे सतरंजी, तिच्यावर कुळे, कारकून, ओळखीपाळखीचे; सतरंजी संपली की उघडी जमीन; आणि जमीन संपली की अंगण, जिथे उभे राहूनच बोलायचे. कोणाला कुठपर्यंत येऊ द्यायचे हे कोणी तोंडाने सांगत नसे. सगळ्यांना ते ठाऊक असे, आणि ठाऊक असणे हीच तर त्या व्यवस्थेची ताकद होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्याच्या शाळेतली आपली बैठक सांगितली आहे. वर्गात इतर मुलांच्या बरोबरीने बसता येत नसे, एका कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाटाचा वेगळा तुकडा. शाळा झाडणारा नोकर त्या तुकड्याला हात लावीत नसे, म्हणून लहानग्या भीमरावांना तो रोज संध्याकाळी घरी न्यावा लागे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणावा लागे. टिपणांत या गोष्टीला फार जागा दिलेली नाही. नळाचे पाणी, न्हावी, धोबी अशा इतर आठवणींच्या ओघात ती येते आणि जाते. पण 'बैठक' या शब्दाचा मराठीतला अर्थ ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने लोड-तक्क्यांच्या आणि मैफलींच्या वर्णनांबरोबर हा गोणपाटाचा तुकडाही वाचायला हवा. आपले आसन आपणच आणायचे, आपणच उचलायचे आणि उचलले नाही तर ते तिथेच पडून राहणार, कारण दुसऱ्या कोणाचा हात त्याला लागणार नाही! उचलण्यातला अपमान म्हणजे काय, हे तिथे दिसते. तिकीट न मिळाल्याचे दुःख त्यापुढे फार लहान आहे.

बायकांचाही एक वेगळा हिशेब होता. घरातली सतरंजी घालणाऱ्या आणि काढणाऱ्या त्याच, झटकणाऱ्या त्याच, पण बाहेरच्या खोलीत पुरुषमंडळी बसली की त्या माजघराच्या दाराशी, उघड्या जमिनीवर किंवा फार तर पाटावर. सतरंजी त्यांच्या वाट्याला यायची ती चैत्रातल्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. त्या दिवशी पुरुष बाहेर जात आणि बाहेरची खोली बायकांची होई. त्यातही विधवांना आमंत्रण नसे, म्हणजे तिथेही सतरंजीला काठ होताच. अलीकडे काही ठिकाणी विधवांना हळदीकुंकवाला सन्मानाने बोलावतात, त्याच्या बातम्या येतात. बातमी होते, याचा अर्थ ते अजून सर्रास झालेले नाही.

मग खुर्ची आली, आणि जमिनीवर बसण्याचा भावच बदलला. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. त्याच्या तिकिटांत 'भारतीय बैठक' असा एक वर्ग असतो, आणि ते नाव फार बोलके आहे. भारतीय बैठक म्हणजे जमिनीवर, सगळ्यांत कमी दरात. तिच्याहून महाग खुर्ची, आणि त्याहून महाग सोफा. जी बसण्याची रीत सगळ्यांची होती, तिला ओळखण्यासाठी 'भारतीय' असे विशेषण लावावे लागले, आणि लावल्याबरोबर ती स्वस्तही झाली. रसिक मात्र तिथे थर्मास आणि घरची सतरंजी घेऊन अजूनही जातात. सोफ्यावरच्या श्रोत्याला मांडी मोडून शेजाऱ्याच्या खांद्यावर डुलकी घेता येत नाही, ही सोय भारतीय बैठकीतच आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पोती आणि बसकरपट्ट्या होत्या, तिथे बाके आली, ते चांगलेच झाले. सिमेंटच्या गार जमिनीवर पावसाळ्यात मुलांना बसवून ठेवण्यात कसले आले आहे संस्कृतिरक्षण? गुडघे दुखणाऱ्या आजीला हळदीकुंकवाला खुर्ची मिळते, तेही चांगले. सतरंजी गेली म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. नव्वदीच्या दशकात साच्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या स्वस्त झाल्या आणि एकात एक घालून टेंपोत शंभर-शंभर मावू लागल्या, तेव्हाच सभेतल्या सतरंजीचे दिवस संपत आले होते. मंडपात आता हिरवे किंवा लाल कार्पेट असते. ते वाऱ्याने उडते आणि त्यावर पाणी सांडले तर तिथेच तळे होते, पण ते एकदा गुंडाळले की झाले. झटकायला कोणी लागत नाही.

तरीही जुन्या तालमींच्या, गणेश मंडळांच्या आणि भजनी मंडळांच्या पेटाऱ्यांत सतरंज्यांच्या घड्या असतात. कोपऱ्यात ऑइलपेंटने मंडळाचे नाव लिहिलेले असते, म्हणजे दुसऱ्या गल्लीत गेली तरी ओळखू यावी. काहींवर 'अमक्यांच्या स्मरणार्थ' अशी ओळ असते. आषाढात दिंडीबरोबरच्या ट्रकमध्ये तंबू, पातेली आणि पिठाच्या पोत्यांवर सतरंज्यांचा ढीग असतो. मुक्कामाला पोचले की त्या उतरवायच्या आणि पहाटे अंधारात पुन्हा गोळा करायच्या, हे काम ठरलेली माणसे वर्षानुवर्षे करतात. 'आम्ही काय जन्मभर' हा प्रश्न तिथे निघत नाही, कारण ते काम म्हणजे वारीच, असा हिशेब असतो.

आणि एक जागा अशी आहे, की जिथे सोफासेट असलेल्या घरातही सतरंजी लागतेच. घरात मृत्यू झाला की बाहेरच्या खोलीतले सोफे, टीपॉय, खुर्च्या भिंतीकडे सरकवतात किंवा शेजारी नेऊन ठेवतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत सतरंजी घालतात. भेटायला येणारा कोणी असो, कचेरीतला साहेब असो की घरी भांडी घासणाऱ्या मावशी, चपला दाराबाहेर काढून त्याच सतरंजीवर टेकतो. बोलायला फारसे काही नसते. बोटे काठाच्या दोऱ्याशी चाळा करीत राहतात. हल्लीच्या फ्लॅटमध्ये एवढी मोठी सतरंजी असतेच असे नाही. मग ती सोसायटीतल्या कोणाकडून तरी येते, आणि ती कोणाकडे असते हे सगळ्या इमारतीला ठाऊक असते. तेराव्याचे जेवण आटोपले, पाहुणे पांगले, की शेजारचा कोणी तरी तिचे एक टोक धरतो, घरातला दुसरे. गच्चीत नेऊन दोघे ती झटकतात, घडी घालतात, आणि जिच्या घरची असेल तिच्याकडे पोचती करतात.